निळीचा रांजण आणि सांडपाण्याचा हौद

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात वाचलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आटोपला आहे आणि पाने मांडावयास अद्याप अवकाश आहे. अशा मधल्या वेळात चार शब्द बोलण्याचे काम मंडळाच्या चिटणिसांनी मजवर सोपविले आहे. मी शिकलो तो केवळ मॅट्रिकपर्यंत. पुढे छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना पाढे आणि बाराखडी शिकविण्यात गेली. तेव्हा शास्त्रीय विषयावर अधिकारवाणीने बोलण्याची माझी योग्यता नाही, हे प्रथमच मान्य करतो. तथापि आजचा विषय मी पुस्तकातून शोधून आणलेला नाही. तो आपण होऊन आमच्या घरात शिरला, आणि त्यापायी सेवानिवृत्तीनंतर मला माझ्याच पुतणीच्या हाताखाली विद्यार्थी म्हणून बसावे लागले. विषय असा की, रंगाच्या कारखान्यातून बाहेर पडणारे दूषित पाणी सूक्ष्मजीवांकडून कसे स्वच्छ करून घेता येते आणि कोठवर घेता येते.

आपला समाज रंगाऱ्यांचा. आज आपल्यापैकी कोणी डॉक्टर आहेत, कोणी वकील, कोणी बँकेत. परंतु येथे बसलेल्या किमान दोन-तीनशे कुटुंबांची चूल अजूनही रंगावर पेटते. म्हणून हा विषय घरचाच समजावा, आणि मी काही कटु बोललो तर तेही घरातले समजून पोटात घालावे.

आमच्या जुन्या घराच्या परसात गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले चार रांजण होते. माझ्या लहानपणी त्यांपैकी तीन कोरडे पडले होते. चौथा आजोबांनी हट्टाने चालू ठेवला होता. त्यात पाणी, चुना, नीळ, गूळ आणि शिजविलेले तरोट्याचे बी पडे. नवा रांजण लावताना जुन्या रांजणातील दोन तांबे पाणी त्यात ओतल्यावाचून आजोबा पुढचे काही करीत नसत. थंडीत रांजणाभोवती पेंढा दाबून बसवीत. रोज पहाटे झाकण काढून प्रथम वास घेत, मग फेस पाहात, मग बोट बुडवून जिभेला लावीत आणि "आज चुना हवा" किंवा "आज गूळ हवा" एवढेच बोलत. पाणी वर निळ्या-तांबूस सायीचे, खाली मात्र पिवळट हिरवे. त्यात बुडविलेले कापड बाहेर काढावे तर तेही पिवळट हिरवे, आणि वाऱ्यावर धरताच डोळ्यांदेखत निळे होत जाई. वास असा की शेजारची माणसे आमच्या दारावरून जाताना नाकाला पदर लावीत. शाळेत माझ्या वडिलांच्या निळ्या हातांवरून मुले मला चिडवीत. ते मी विसरलेलो नाही. असो.

या रांजणात काय चालते, हे मला साठी उलटल्यावर समजले. नीळ पाण्यात विरघळत नाही आणि न विरघळलेला रंग धाग्यात शिरत नाही. तिला विरघळवायचे काम जिवाणू करीत. प्रत्येक जिवंत प्राणी अन्न जाळून शक्ती मिळवितो, आणि त्या जळणातून सुटलेले इलेक्ट्रॉन त्याला कोणाच्या तरी पदरात टाकावेच लागतात. आपण ते श्वासातील प्राणवायूच्या पदरात टाकतो. झाकलेल्या रांजणात प्राणवायू नसतो. तेव्हा गूळ खाऊन जगणारे जिवाणू ते निळीच्या पदरात टाकतात. तसे झाले की नीळ आपला रंग सोडते, चुन्याच्या पाण्यात विरघळते व धाग्यात जाऊन बसते. पुढे हवा लागली की पुन्हा निळी होते. युरोपातील निळीच्या पिंपांतही हेच चाले. तशा एका पिंपातून वेगळ्या काढलेल्या जिवाणूस १९९९ साली क्लॉस्ट्रिडियम आयसॅटिडिस असे नाव देण्यात आले. आमच्या आजोबांनी त्याच्या भाऊबंदांना आयुष्यभर गूळ चारला आणि नाव काही ठेवले नाही.

पुढे काळ पालटला. १८५६ साली इंग्लंडात पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाने डांबरापासून जांभळा रंग काढला. १८५८ साली पेटर ग्रीस याने जी रासायनिक क्रिया शोधली, तिच्यातून अ‍ॅझो जातीचे रंग जन्मास आले. आज जगात वापरल्या जाणाऱ्या रंगांपैकी निम्म्याहून अधिक याच जातीचे आहेत. १८९७ साली जर्मनीच्या बी.ए.एस.एफ. कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि आपल्या देशातील निळीची शेती बसली. आपल्या वाडवडिलांनी रडत न बसता नवे रंग हाती घेतले, त्याबद्दल मला अभिमानच वाटतो. मात्र नव्या रंगांबरोबर एक नवी गोष्ट आली, ती आपण हिशेबात धरली नाही. सुती कापडावरचे आजचे रिअ‍ॅक्टिव्ह रंग सगळेच्या सगळे धाग्याला धरीत नाहीत. रंगाच्या जातीप्रमाणे दहाव्या हिश्श्यापासून कधी कधी निम्म्यापर्यंत रंग पाण्यातच उरतो. ते पाणी कोठे जाते, हे मी शाळेच्या खिडकीतून रोज पाहात होतो.

आमच्या शाळेमागून एक ओढा वाहतो. मधल्या सुटीत मुले काठावर उभी राहून पैज लावीत, की आज लाल येणार की हिरवा. मीही हसत असे. एकदा चौथीतील एका शेतकऱ्याच्या मुलाने मला विचारले, "गुरुजी, आमची म्हैस ह्या पाण्याला तोंड लावीत नाही, मग आमच्या विहिरीचं का पिते?" त्यांची विहीर ओढ्यापासून पन्नास पावलांवर होती, आणि तिचे पाणीही त्या वर्षी फिकट गुलाबी झाले होते, म्हशीपुढे दुसरा इलाज नव्हता. मी त्याला काहीतरी थातूरमातूर उत्तर दिले. ओढ्याच्या वरच्या अंगास जे तीन कारखाने होते, त्यांपैकी एक माझ्या धाकट्या बंधूंचा होता, हे त्या मुलाला ठाऊक होते की नाही, कोण जाणे.

पुढे बंधूंना नोटीस आली. सांडपाण्याची व्यवस्था करा, अन्यथा वीज तोडू. बंधूंनी सिमेंटचा हौद बांधला, ब्लोअर बसविला आणि एका विक्रेत्याकडून 'कल्चर' नावाची पूड आणली. विक्रेत्याचे म्हणणे असे की, हे परदेशी जिवाणू असून ते रंग, वास, गाळ सर्व फस्त करतात. आठवड्याला एक पुडा टाकावा आणि निश्चिंत असावे. "दादा, तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा," असे बंधूंनी मला विचारले, आणि मी पुड्यावरील इंग्रजी मजकूर वाचून "घ्या" म्हणालो. ती चूक माझी. तीन महिने पुडे पडत राहिले आणि हौद जसाच्या तसा राहिला. कढत, खारे, सोड्याने भरलेले पाणी थेट आत पडत होते. ब्लीचिंगचे क्लोरीन त्यातच मिसळत होते. आणि वीजबिलाच्या धास्तीने ब्लोअर दिवसाकाठी दोन तास चाले. तेथे परदेशी काय, स्वर्गातून आलेला जिवाणूही टिकला नसता.

माझी पुतणी कोल्हापुरास सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्‌सी. झालेली. ती सुटीत घरी आली, हौदात डोकावली आणि म्हणाली, "काका, तुम्ही विरजण विकत आणलंत आणि उकळत्या दुधात घातलंत."

भगिनींनो, या एका वाक्यात अर्धे शास्त्र आले. उरलेले अर्धे तिने मला दोन इतिहास सांगून समजाविले.

पहिला इतिहास मँचेस्टरचा. कापडगिरण्यांचे हे शहर; तेथील नद्यांची अवस्था आपल्या पंचगंगेहून बरी नव्हती. तेथे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट हे दोघे बाटल्यांत मैलापाणी भरून त्यात हवा फुंकीत. पाणी पुरते शुद्ध व्हायला पाच आठवडे लागत. पाणी निवळले की तळाशी तपकिरी गाळ बसे. यांनी तो गाळ फेकला नाही; वरचे पाणी ओतून त्याच गाळावर नवे मैलापाणी घातले, आणि असे पुनः पुनः केले. होता होता पाच आठवड्यांचे काम एका दिवसाच्या आत होऊ लागले. गाळ म्हणजेच जिवाणूंची वसाहत होती, म्हणजेच विरजण. १९१४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी हे जाहीर केले, आणि आज जगातील बहुतेक मोठ्या शहरांचे सांडपाणी याच रीतीने शुद्ध होते. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर हे १९१६ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अध्यापनास आले. म्हणजे ही विद्या आपल्या दारी येऊन शंभराहून अधिक वर्षे झाली. इचलकरंजीस आपण महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतो. मँचेस्टरकडून माग घेतले, गाळ घ्यायचा राहिला.

दुसरा इतिहास परदेशी पुड्याविषयीचा. आनंद मोहन चक्रवर्ती या बंगाली शास्त्रज्ञाने अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत असताना खनिज तेल खाणारा एक जिवाणू प्रयोगशाळेत घडविला. जिवंत वस्तूचे पेटंट देता येते काय, हा वाद तेथील सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८० साली पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल चक्रवर्तींच्या बाजूने लागला. जगभर गाजावाजा झाला. परंतु तो जिवाणू समुद्रात सोडण्याचा प्रसंग कधी आला नाही. १९८९ साली एक्सॉन व्हॅल्डीझ हे जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळून सुमारे ४ कोटी लिटर तेल सांडले, तेव्हा तेथील किनाऱ्यांवर शास्त्रज्ञांनी नत्र आणि स्फुरद यांचे खत टाकले. तेल खाणारे जिवाणू त्या वाळूगोट्यांत मुळातच होते. तेल भरपूर, परंतु नत्र-स्फुरद नाही, म्हणून त्यांची वाढ खुंटली होती. खत मिळताच त्यांनी कामाला वेग दिला. पुतणीचे म्हणणे असे की, कष्टकरी बहुधा जागेवरच असतो. आपण त्याची भाकरी अडविलेली असते.

ही गोष्ट आपल्या भागातही पडताळलेली आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागात डॉ. संजय गोविंदवार व त्यांचे विद्यार्थी यांनी रंग तोडणाऱ्या जिवाणूंवर पुष्कळ वर्षे काम केले. त्यांतील कित्येक जिवाणू त्यांना कोठे सापडले असतील? इचलकरंजीच्या रंगकारखान्यांचे पाणी जेथे मुरते, त्या मातीत. आपण ज्या जमिनीला नासलेली म्हणतो, तिच्यातच तिची औषधे वाढत होती.

यानंतर बंधूंच्या हौदावर नवा संसार मांडला गेला. कढत पाणी प्रथम वेगळ्या टाकीत निवविले. क्लोरीनचे पाणी निराळे काढले. आम्ल घालून सोड्याचा जोर मारला. मग शेणकाला, ओढ्याकाठचा गाळ आणि दुसऱ्या एका चालू हौदातील दोन पिंपे तपकिरी गाळ आणून हौदात सोडला. रंगाच्या पाण्यात नत्र-स्फुरद जवळजवळ नसतात, म्हणून युरिया आणि डी.ए.पी. मोजून घातले. पहिल्या पंधरवड्यात रोज थोडा गूळही घातला, त्या वेळी बंधूंच्या मातोश्री, म्हणजे आमच्या आई, वय वर्षे नव्वद, ओट्यावरून म्हणाल्या, "सासऱ्यांचा रांजण लावताय का रे?" आम्ही हसलो. हसायला नको होते, हे पुढे कळले.

सहा आठवड्यांनी हौद धरला. हौदातील पाणी एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात अर्धा तास ठेवले की तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास तपकिरी, मऊ गाळ खाली बसावा आणि वर नितळ पाणी राहावे, ही त्याच्या प्रकृतीची नाडी. दुर्गंधी गेली. बी.ओ.डी. नावाची एक परीक्षा असते. आपल्याकडे २७ अंश उष्णतेवर तीन दिवस पाणी ठेवून त्यातील जिवाणूंनी किती प्राणवायू खाल्ला ते मोजतात, म्हणजे पाण्यात कुजण्याजोगे किती उरले ते कळते. ओढ्या-नद्यांत सोडावयाच्या पाण्यास ती मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम. तीत आमचे पाणी बसले. परंतु लाल रंगाच्या दिवशी पाणी लालच बाहेर पडे. बंधू चिडले. "एवढं खाऊनही रंग सोडत नाहीत," असे म्हणू लागले.

येथे खरी मौज आहे. अ‍ॅझो रंगाच्या पोटात नत्राचे दोन अणू एकमेकांचा हात घट्ट धरून असतात. त्या जोडीमुळेच त्याला रंग येतो. ती जोडी तोडायची तर जिवाणूने आपले इलेक्ट्रॉन तिच्या पदरात टाकावयास हवेत. परंतु भरपूर हवा फुंकलेल्या हौदात प्राणवायू समोर असता जिवाणू रंगाकडे कशाला पाहील? तेव्हा हौदाच्या आधी एक झाकलेला, बिनहवेचा हौद हवा. पुतणी फळ्यावर हे काढून दाखवीत होती, आणि मी मध्येच उठून म्हणालो, "अगं, हा तर रांजण!" झाकण तेच, गूळ तोच, इलेक्ट्रॉन टाकण्याची युक्तीही तीच. भेद एवढाच की नीळ हवा लागताच पुन्हा निळी होते, आणि अ‍ॅझो रंगाची जोडी एकदा तुटली की तो रंग परतत नाही. आईंना जाऊन सांगितले. त्या म्हणाल्या, "मग मी काय म्हणत होते?"

झाकलेला हौद बांधला. महिन्याभरात त्यातून बाहेर पडणारे पाणी शेंदरी नाही, लाल नाही, फिकट चहासारखे दिसू लागले. बंधूंना इतका आनंद झाला की त्यांनी पेढे वाटले. आणि त्याच आठवड्यात रात्रीचा ब्लोअर बंद केला. रंग तर गेला, आता हवा कशाला, हा त्यांचा हिशेब. यावरून काका-पुतणीत जो खटका उडाला, तो मी येथे सविस्तर सांगत नाही. तिचा मुद्दा मात्र प्रत्येक कारखानदाराने ऐकण्याजोगा आहे. अ‍ॅझोची जोडी तुटली की मागे अमाइन जातीची द्रव्ये उरतात. त्यांना रंग नाही, म्हणून ती डोळ्यांस दिसत नाहीत. पण त्यांतील काही मूळ रंगापेक्षा घातक. फ्रँकफुर्टचे शल्यवैद्य लुडविग रेन यांनी १८९५ सालीच रंगद्रव्यांच्या कारखान्यातील कामगारांना होणाऱ्या मूत्राशयाच्या कर्करोगाकडे लक्ष वेधले होते, तो याच घराण्यातील द्रव्यांमुळे. अशी घातक अमाइने देणाऱ्या अ‍ॅझो रंगांवर जर्मनीने १९९४ साली आणि आपल्या सरकारने १९९७ साली बंदी घातली, ती याचसाठी. उरलेल्या रंगांच्या अमाइनांना संपविणारे जिवाणू बहुतांशी हवेत काम करणारे. झाकलेला हौद रंग तोडतो आणि हवेचा हौद त्याचे तुकडे खातो. दुसरा बंद ठेवला तर आपण ओढ्यात पूर्वी दिसणारे विष सोडत होतो, ते आता न दिसणारे सोडू.

बंधूंना हे पटेना. तेव्हा मी शिक्षकाचा उपाय केला. चार बशांत ओला टिपकागद घालून प्रत्येकीत वीस-वीस ज्वारीचे दाणे ठेवले: एकीत विहिरीचे पाणी, दुसरीत कारखान्याचे मूळ लाल पाणी, तिसरीत झाकलेल्या हौदाचे बिनरंगी, चौथीत हवेच्या हौदातून निघालेले. पाच दिवसांनी बंधूंना बोलावले. विहिरीच्या बशीत अठरा मोड, लांब आणि पांढरे. लाल पाण्यात सात. बिनरंगी पाण्यातही सातच, आणि मुळांची टोके तपकिरी. चौथ्या बशीत चौदा. बंधू बराच वेळ तिसऱ्या बशीकडे पाहात राहिले. मग काही न बोलता कारखान्यात गेले. तेव्हापासून ब्लोअर रात्रंदिवस चालतो.

आता या बशांची राहिलेली बाजू सांगणे माझे कर्तव्य आहे. चौथ्या बशीत अठरा नव्हेत, चौदाच मोड आले, आणि तेही आखूड. कारण मीठ. रिअ‍ॅक्टिव्ह रंग धाग्यावर चढविण्यासाठी लिटरला पन्नास-साठ ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक मीठ घालावे लागते, हे येथील कारखानदारांना मी सांगायला नको. ते मीठ कोणताही जिवाणू खात नाही. रंगात तांबे, क्रोमियम असले तर जिवाणू ते गाळात धरून ठेवील, पण नाहीसे करणार नाही. म्हणून तो गाळ शेतात टाकता येत नाही. तमिळनाडूतील तिरुप्पूरच्या नोय्यल नदीची कथा आपल्या व्यवसायात सर्वांना माहीत आहे. तेथील मद्रास उच्च न्यायालयाने २०११ च्या जानेवारीत सांडपाण्याची अट न पाळणारे रंगकारखाने बंद करण्याचा हुकूम दिला. शेकडो कारखान्यांना टाळी लागली. पुढे जे उघडले त्यांना पाणी गाळून, मीठ आटवून, थेंबही बाहेर न सोडण्याची व्यवस्था करावी लागली. ते यंत्र एकट्यादुकट्याला परवडणारे नाही. आमच्या ओढ्यावरच्या तीन कारखान्यांचे मिळून एक करावे, असा प्रस्ताव बंधूंनी मांडला आहे. उरलेल्या दोघांपैकी एक तयार आहेत. दुसरे आज येथेच बसलेले आहेत, म्हणून अधिक बोलत नाही.

त्या मुलाच्या विहिरीचा रंग गेला आहे. चव अजून खारट आहे. तो मुलगा आता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षास असून मी त्याला बशांचा प्रयोग दाखविला. त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला अकरा वर्षे लागली.

अध्यक्षमहाराज मघापासून घड्याळ पाहात आहेत, आणि स्वयंपाकघरातून वर्दी आली आहे. जाता जाता एकच विनंती. ज्यांचे हौद नुसतेच बांधलेले आहेत, पण धरलेले नाहीत, त्यांनी विकतचे पुडे आणू नयेत. कोणत्याही रविवारी सकाळी दहाच्या आत आमच्याकडे पिंप घेऊन यावे. गाळ फुकट मिळेल. पिंप झाकू नये, वाटेत हवा लागू द्यावी आणि त्याच दिवशी हौदात सोडावे. दुसऱ्या दिवसावर ठेवल्यास नासतो. येण्याआधी चिटणिसांकडे नाव द्यावे, म्हणजे पुतणीला सांगून ठेवता येईल. ती वेळेच्या बाबतीत माझ्यापेक्षा कडक आहे.